धाकट्या डॉक्टरांची नोंद

आमच्या कोशात यायचं असेल तर आधी मरावं लागतं. हा विनोद मी नोकरीला लागले त्या दिवशी मला ऐकवण्यात आला होता, आणि गेली छत्तीस वर्षं मी तो दर नव्या माणसाला ऐकवते. कुणी हसत नाही. पण नियम खरा आहे. जिवंत माणसाची नोंद नाही, आणि मेलेल्याचीही तेव्हाच, जेव्हा तो कधी मेला ते कुठेतरी छापलेलं किंवा सरकारी दप्तरात लिहिलेलं सापडेल. कुणाच्या आठवणीवर किंवा कुणाच्या रडण्यावर आम्ही साल टाकत नाही.

मी कार्डं सांभाळते. चरित्रकोश म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे जाडजूड खंड येतात, पण खंडाच्या आधी कार्ड असतं. एका माणसाचं एक कार्ड, आणि अशा कार्डांचे एकशे चाळीस लाकडी खण. आमच्याकडे माणसं आडनावाने लावत नाहीत, पहिल्या नावाने लावतात, कारण जुन्या राजांना आणि गवयांना आडनावं आणायची कुठून? त्यामुळे एका नावाची सगळी माणसं एकाच खणात येऊन पडतात. जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेली, काही पाहून पस्तावलेली.

ज्या खणाची ही गोष्ट आहे त्यात एकाच नावाचे सतरा जण होते. अकरा महिने राज्य केलेला एक राजा. त्याला हरवणारा सेनापती, तोही त्याच नावाचा, त्यामुळे जुन्या बखरीत कोण कुणावर चालून गेला हे उलगडायला आमच्या साहेबांची दोन वर्षं गेली. नदीवर पहिला दगडी पूल बांधणारा एक. एक गवई, ज्याचा आवाज चाळिशीत गेला आणि ज्याने पुढे शिवणकामावर घर चालवलं. ग्रहणांची गणितं मांडणारा एक, जो स्वतः आंधळा होऊन मेला. घरात एका नावाची दोन पोरं असली की हाक मारायला टोपणनावं लागतात, तशी आम्हीही ठेवलेली. राजे, पूलवाले, शिंपीबुवा, ग्रहणवाले. आणि मोठे डॉक्टर. त्यांना मोठे का म्हणतात, धाकटा कोण, हे मी छत्तीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

कोशाची तिसरी आवृत्ती निघायची होती. कागदावरची शेवटची, पुढचं सगळं म्हणे संगणकावर. छपाईला चार महिने उरले असताना एका गुरुवारी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत दोन जिने चढून वर आल्या. वय एक्याऐंशी. खांद्याला कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले, साडीला कडक इस्त्री. खुर्चीवर बसून दम घेतला आणि म्हणाल्या, मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तुमच्याकडे एका वजाबाकीसाठी आले आहे.

"तुमच्या एका माणसातून मला माझे वडील वजा करून हवेत."

मला आधी वैताग आला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे रोज एक तरी माणूस येतो ज्याचा बाप थोर असतो. आजवर कुणी बाप साधा होता म्हणून आलेलं नाही. तरी मी ऐकून घेतलं.

बाईंचं म्हणणं असं होतं. मोठे डॉक्टर शहराच्या इस्पितळाचे प्रमुख, त्यांचा पुतळा अजून फाटकापाशी आहे. बाईंचे वडील त्यांच्या हाताखाली होते, वीस वर्षांनी लहान. आडनाव वेगळं, पहिलं नाव एकच. इस्पितळात सगळे पहिल्या नावानेच हाक मारायचे, म्हणून रोग्यांनी सोयीसाठी एकाला मोठे आणि एकाला धाकटे डॉक्टर केलं होतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी विणकरांच्या वस्तीत तापाची साथ आली. तेव्हा घरोघर हिंडून कुणाला कधी ताप आला ते मांडणारे, ताप एका विहिरीवरून पसरतोय हे ताडणारे, लोकांच्या शिव्या खाऊन ती विहीर बुजवणारे आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली तापाचं इस्पितळ उभं करणारे धाकटे डॉक्टर. आणि आमच्या कोशात हे सगळं मोठ्या डॉक्टरांच्या नावावर. चोपन्न वर्षांच्या, संधिवाताच्या माणसाच्या नावावर. बाई म्हणाल्या, ते गृहस्थ इस्पितळाच्या पायऱ्यासुद्धा दोघांच्या आधाराने चढायचे, ते रोज दहा गल्ल्या कुठून फिरणार?

साथ शेजारच्या गावी गेली तेव्हा धाकट्या डॉक्टरांना तिकडे पाठवलं, आणि तिथेच तापाने ते गेले. बाई तेव्हा सहा वर्षांच्या. आईने तेवढंच सांगितलं, की वडील गेले, तिकडेच सगळं उरकलं. वडिलांच्या बाईंकडे तीन आठवणी होत्या. हातांना येणारा औषधी साबणाचा वास. छाती तपासायच्या नळीची टोकं ते तिच्या कानांत घालायचे आणि स्वतःच्या छातीचे ठोके ऐकवायचे. आणि सगळं घर तिला लाडाच्या छोट्या नावाने हाक मारायचं तेव्हा ते एकटे पूर्ण नाव घ्यायचे.

पिशवीतून त्यांनी तीस वर्षांचा पत्रव्यवहार काढला. शाळेच्या पाठ्यपुस्तकाला लिहिलेलं, नगरपालिकेला, इस्पितळाला, वर्तमानपत्रांना. प्रत्येकाचं उत्तर एकच: आमची माहिती चरित्रकोशावरून घेतली आहे.

"डोळ्यांतला पडदा सुटत चाललाय माझ्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत वाचता येईल. मला चार ओळी पुरेत हो. पण त्या त्यांच्या एकट्याच्या हव्यात, आणि मला स्वतःला वाचायच्या आहेत."

मी मोठ्या ऐटीत मोठ्या डॉक्टरांचं कार्ड काढलं, आमचं काम किती काटेकोर असतं ते दाखवायला. हातच्या काकणाला आरसा कशाला! वरच्या पाच ओळी एका जुन्या कारकुनाच्या बारीक अक्षरात होत्या. त्यांच्याखाली, वेगळ्या शाईने, तापाच्या साथीच्या सात ओळी. अक्षर टपोरं, वळणदार. माझं.

तोंडात मारल्यासारखी मी त्या कार्डाकडे बघत बसले. मग सगळं आठवलं. मी चोवीस वर्षांची होते, नोकरीचा दुसरा महिना. त्या नावाच्या डॉक्टरांची दोन कार्डं खणात होती, एक भरलेलं, एक अर्धं. अर्ध्या कार्डाला जोडलेल्या कात्रणांत आडनाव नव्हतं, नुसतं डॉक्टर आणि पहिलं नाव. एकच शहर, एकच इस्पितळ. मी ठरवलं की कारकुनाने चुकून एकाच माणसाची दोन कार्डं केली. अर्ध्या कार्डावरचा मजकूर भरलेल्यावर उतरवला आणि अर्धं कार्ड फाडलं. त्यावेळच्या साहेबांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, पोरीची नजर तीक्ष्ण आहे. त्या कौतुकावर मी वर्षभर फुगले होते.

त्या दिवशी मी बाईंना काही बोलले नाही. बघते म्हणाले. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. पुढच्या गुरुवारी त्या आल्या तेव्हा कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगून टाकलं, ही चूक माझी आहे, हे अक्षर माझं. मला वाटलं काठी उगारतील. त्यांनी भिंग काढून सातही ओळी वाचल्या.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," म्हणाल्या. "मुलींना मी सांगायचे, उत्तर चुकलं तरी पायऱ्या दाखवा. तुम्ही दाखवल्यात."

यापेक्षा काठी बरी होती.

तेव्हापासून दर गुरुवारी त्या यायच्या, माझ्यासमोर बसायच्या, मी चहा मागवायचे. मी एकाएकी नरम झाले होते, ऑफिसात सगळ्यांना नवल वाटत होतं. माझ्या जिभेला हाड नाही ही माझी ख्याती, पण बाईंसमोर मी पाय जमिनीवर ठेवून बोलायचे. धाकट्या डॉक्टरांना बाहेर काढायचं हा मी ध्यासच घेतला.

घोडं पेंड कुठे खात होतं, तर पुराव्यात. मी एकोणीस पुस्तकं तपासली. सगळ्यांत तापाची साथ मोठ्या डॉक्टरांच्या नावावर, आणि सगळी आमच्या पहिल्या आवृत्तीनंतरची. काहींनी तर माझी वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. आपणच उठवलेली अफवा गावभर फिरून आपल्या दारी आली आणि आपण तिला दार उघडून आत घेतलं, असं झालं होतं. साहेब म्हणाले, ताई, आपल्या आधीचं काहीतरी छापील आणा, मी लगेच नवी नोंद करतो. साहेब माणूस चांगला, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय.

शेवटी इस्पितळाच्या तळघरात, मोडक्या खाटांच्या मागे, साथीच्या वर्षाचा छापील वार्षिक अहवाल सापडला. पान चौदा. वर मोठ्या डॉक्टरांचं पूर्ण नाव, पुढे लिहिलेलं, प्रकृतीमुळे सहा महिने रजेवर. खाली धाकट्या डॉक्टरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि त्यापुढे विहीर, घरोघरची पाहणी, पत्र्याचं इस्पितळ, सगळं. मी ते पान बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. आम्हा दोघींचा चहा गार झाला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत चांगला गुरुवार.

राहिलं मृत्यूचं साल. अहवालात एवढंच होतं की शेजारच्या गावी पाठवले, पुढच्या वर्षीच्या यादीत नाव नाही. मी म्हटलं, यात काय, त्या गावच्या नोंदणी कार्यालयात जाऊन साथीच्या वर्षाचं रजिस्टर पाहायचं. बसने दीड तासाचा रस्ता. तिथल्या कारकुनाने रजिस्टर काढून दिलं, मी दोनदा पाहिलं. नाव नव्हतं. साथीत माणसं पटापट गेली की नोंदी उशिरा होतात, म्हणून पुढच्या वर्षाचं मागितलं. त्यातही नाही. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. पण माझ्यावर पापाचं ओझं होतं, आणि मी मुळातच हट्टी. मी एकेक वर्ष पुढे सरकत गेले. दोन दिवस त्या बाकावर बसले.

साथीनंतरच्या एकोणिसाव्या वर्षी नाव सापडलं. पूर्ण नाव, आडनावासकट. धंदा डॉक्टर. वय त्रेपन्न. कारण हृदयविकार. खबर देणार, पत्नी.

सापडलं की आधी आनंद होतो, ही आमच्या धंद्याची खोड. मला आनंद झाला. मग वय परत वाचलं.

आयुष्यभर मी एकाच नावाची माणसं वेगळी केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं की हा कुणी दुसरा असू दे. त्याच नावाचा, त्याच आडनावाचा, दुसराच कुणी डॉक्टर. असे योगायोग मी पाहिलेत. मी बाईंनी दिलेल्या कागदांशी जन्माची तारीख पडताळली, जन्मगाव पडताळलं, डॉक्टरकीच्या परवान्याचा क्रमांक पडताळला. तिन्ही जुळले. तेच होते. चौतिसाव्या वर्षी तापाने न मेलेले धाकटे डॉक्टर पुढे एकोणीस वर्षं दीड तासावर राहिले होते.

पत्ता रजिस्टरमध्ये होता आणि घर अजून त्याच कुटुंबाकडे. मी कार्यालयातूनच फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. बहात्तर वर्षांच्या, मोकळ्या बोलण्याच्या. कोशात वडिलांची नोंद होणार म्हटल्यावर त्यांचा आवाजच भरून आला. दोन भाऊ होते, दोघेही गेले, आता मी एकटीच, म्हणाल्या. नोंदीच्या शेवटी आम्ही परिवाराची ओळ देतो, त्यात मुलांची नावं असतात, म्हणून मी त्यांचं नाव विचारलं.

त्यांनी सांगितलं, आणि पेन माझ्या हातात तसंच राहिलं. आमच्या बाईंचंच नाव.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, हे नाव कसं ठेवलं? त्या म्हणाल्या, बाबांची पहिली बायको आणि मुलगी तापाच्या साथीत गेली. सगळी वस्ती वाचवली आणि घरातली दोन माणसं वाचली नाहीत. ती मुलगी सहा वर्षांची होती. तिच्या वाट्याचंही मी जगावं म्हणून बाबांनी मला तिचं नाव दिलं. वर्षातून एक दिवस ते जेवायचे नाहीत, तिची आठवण म्हणून. सगळे मला छोट्या नावाने हाक मारायचे, बाबा मात्र पूर्ण नाव घ्यायचे. माझे बाबा देवमाणूस होते हो, नीट लिहा.

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. परतीच्या बसमध्ये मी त्या देवमाणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की माझ्या आईने ऐकल्या असत्या तर घरात घेतलं नसतं. का गेला, कुणापायी गेला, घाबरला की कंटाळला, काही कळायला मार्ग नव्हता, आजही नाही. इकडे त्याला तापाने मारलं, तिकडे त्याने बायको-मुलीला. हिशेब फिटला आणि माणूस सुखाने जगला.

साहेबांना सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, खोटं साल घालता येणार नाही, आणि सालाशिवाय नोंद नाही. बाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा, ताई. मी ते बघितलं. साथीचं वर्ष टाकून मोकळं व्हावं, असं शंभर वेळा मनात आलं. एकदा नकळत चुकले होते, आता कळून चुकायचं, कुणाला समजणार होतं? बाई वाचतील, शांत होतील, पुढे डोळे जातील, संपलं. बुधवारभर मी दोन कार्डं समोर ठेवून बसले होते, एकावर खरं साल, एकावर खोटं.

गुरुवारी बाई आल्या तशी मी खरं कार्ड त्यांच्या हातात दिलं. चूक झाली हे कळल्यावर त्यांच्याशी खोटं बोलायची माझी लायकीच उरली नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं. पहिली ओळ नावाची, तीवर पुन्हा बोट ठेवलं. दुसरी ओळ जन्म-मृत्यूची. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई, त्यांना वजाबाकीला किती वेळ लागणार.

"इथे चुकलंय," त्या म्हणाल्या. "चौतीस यायला हवेत. त्रेपन्न येतायत."

"चुकलेलं नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरची नक्कल पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली, परत वाचली. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून लोखंडी सळ्या उतरवत होतं आणि तो आवाज थांबेचना.

"म्हणजे मी पंचवीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "शाळेला लागून चार वर्षं झाली होती." मग हळूहळू बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, कागदाशी. अकराव्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला होता. सतराव्या वर्षी गणितात त्या पहिल्या आल्या, पेपरात नाव छापून आलं होतं. पेपर तिकडेही जायचा, दीड तासाच्या रस्त्यावर. बाविसाव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं की मुलीचे वडील साथीत रोग्यांची सेवा करता करता गेले. "आईला ठाऊक असणार," त्या म्हणाल्या. "ती त्यांचा फोटो कधी भिंतीवर लावू द्यायची नाही. मला वाटायचं, तिला बघवत नसेल."

मग त्यांनी एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. लग्न केलं होतं? हो. मुलं? दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी आहे? आहे, बहात्तर वर्षांच्या आहेत. नाव काय तिचं?

मी नाव सांगितलं.

बाईंच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं. फुटलं नाही. मी ते उचलून त्यांच्या हाताशी ठेवलं.

"माझ्याबद्दल काही सांगितलं होतं त्यांनी तिकडे?"

त्या वाट बघत होत्या. मी सांगितलं, तुम्ही तापात गेलात असं सांगितलं होतं. सहा वर्षांच्या असताना. वर्षातून एक दिवस ते तुमच्यासाठी जेवायचे नाहीत.

"मी जेवत असणार त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं ना."

मला कामाच्या जागी रडणाऱ्या माणसांचा राग येतो. मी रडले. आणि रडता रडता वाटेल ते बोलले, की असल्या माणसाची नोंदच करायची नाही, मी हे कार्ड फाडते, मला फाडायची सवय आहे, राहू दे त्याला मोठ्या डॉक्टरांच्या पोटात. बाईंनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि सपाट करून टेबलावर ठेवलं.

"विहीर त्यांनीच बुजवली ना?" त्या म्हणाल्या. "मग तसं लिहायला हवं. बरोबर ते बरोबर."

त्यांनी भिंग घेऊन पुढचं वाचायला सुरुवात केली. विहीर, पाहणी, पत्र्याचं इस्पितळ. एकेका शब्दाला वेळ लागत होता. शेवटच्या ओळीला त्या थांबल्या. परिवाराच्या ओळीत मी लिहिलं होतं, पहिल्या पत्नीपासून एक मुलगी, दुसऱ्या पत्नीपासून दोन मुलगे व एक मुलगी; दोन्ही मुली हयात. दोघींची नावं दिली होती, एकच नाव दोनदा.

"ही ओळ बदला. दोन मुलगे आणि एक मुलगी, एवढंच ठेवा. नाव एकदाच."

मी नाही म्हणाले. साफ नाही. एकदा एका नावाची दोन माणसं मी एकात घातली, त्याचे भोग तुम्ही तीस वर्षं भोगलेत. तुम्हाला मी कुणात घालणार नाही, मेले तरी नाही.

"त्यांनीच घातलंय हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय घालणार?"

मग त्या बोलत राहिल्या, वर्गात पोरींना समजावतात तशा, सावकाश. तिला अख्खे वडील मिळालेत. पुस्तक छापून आल्यावर ती ते कौतुकाने उघडणार, आणि त्यात तिला माझं नाव हयात म्हणून दिसलं, विचारत गेल्यावर कळलं, की पहिली मुलगी जिवंत आहे, तिची आई म्हातारी होऊन गेली, तर बहात्तराव्या वर्षी तिने त्या वडिलांचं काय करायचं? मला नाही मिळाले. तिचे तरी राहू देत.

"आणि नाव एकच आहे," त्या म्हणाल्या. "तिने वाचलं की तिला वाटेल ती. मी वाचलं की मी."

मी म्हटलं, बाई, एकदा भेटा तरी तिला. मी नंबर देते. त्यांनी मान हलवली. भेटून सांगू काय, म्हणाल्या, मी ती मेलेली म्हणून?

मी नवं कार्ड घेतलं. या वेळी अक्षर काही सुरेख आलं नाही. सगळा मजकूर पुन्हा उतरवला आणि शेवटी लिहिलं, दोन मुलगे, एक मुलगी, आणि मुलीचं नाव एकदा. बाईंनी भिंग लावून ती ओळ दोनदा वाचली. मग पिशवी खांद्याला लावून उठल्या. मी जिन्यापर्यंत गेले, त्यांनी मला परत पाठवलं.

कार्डावर सही करायची आमच्याकडे पद्धत नाही. मी केली. खाली तारीखही घातली, म्हणजे पुढे कधी कुणी विचारलं, तर ही चूक कुणी आणि कधी केली ते शोधत बसायला नको.